चव्वेचाळिसावं मत

रविवार, १८ जानेवारी

फोन काढून घेतले म्हणून ही वही हातात घेतली. एरवी या वेळेला मी शीराशी बोलत असते. लेक इस्राएलमध्ये अश्दोदला, मी इथे रोह्यात. तिकडे दुपार कलत असते, इकडे माझा ओटा आवरून झालेला असतो. आज सकाळी मॅनेजर जितेशने सगळ्या कामगारांचे मोबाईल एका पिशवीत गोळा केले आणि आपल्या कपाटात टाकले. म्हणाला, "दीनाताई, महापौराची निवडणूक होईपर्यंत असंच चालणार. सगळं रिसॉर्ट बुक आहे. बाहेर कुणी विचारलं तर कंपनीचं ट्रेनिंग आहे म्हणायचं."

दुपारी दोन बसगाड्या आल्या. चव्वेचाळीस नगरसेवक. शहराचं नाव मी इथेही लिहीत नाही, वही कुणाच्या हाती लागायला नको. पण त्याच शहरात मी एकोणतीस वर्षं संसार केला, सॅम्युएल तिथेच गेले, आणि माझं मत अजून तिथेच आहे. तीन वर्षांपूर्वी महापालिकेने आमची सात नंबर इमारत धोकादायक ठरवून रिकामी केली. बत्तीस बिऱ्हाडं चार दिशांना गेली. मी इथे रोह्याशेजारी वरसेला खोली घेतली आणि नदीकाठच्या या रिसॉर्टचं स्वयंपाकघर सांभाळू लागले. जुनी इमारत पाडली. नवीची परवानगी महापालिकेत अडकली ती अडकलीच.

दुसऱ्या बसमधून सुरभी घरत उतरली. गेल्या गुरुवारी पहाटेच्या एसटीने जाऊन मी हिलाच मत देऊन आले. अपक्ष उभी होती. आमच्या बत्तीसही घरांना तिने स्वतः फोन केले होते. मत द्यायला गेले तेव्हा रस्त्यात माझा हात आपल्या दोन्ही हातांत धरून म्हणाली होती, "मावशी, पहिल्याच सभेत तुमच्या इमारतीचा विषय घेते."

आज वाढताना मी समोर होते. तिने ओळखलं नाही. डोक्याला टोपी, अंगात एप्रन, ओळखणार कशी.

सोमवार, १९ जानेवारी

आज सगळं नीट कळलं. सभागृहात सत्त्याऐंशी जागा. यांचे पुढारी तात्या, त्यांच्या आघाडीकडे सुरभी धरून चव्वेचाळीस, रणदिवे गटाकडे त्रेचाळीस. एक माणूस फुटला की महापौर बदलला. म्हणून ही माणसं इथे आणून ठेवलीत. तात्यांचा आदेश नावाचा माणूस दिवसभर फाटकाशी खुर्ची टाकून बसतो. त्याच्या हाताखाली सहा जण.

म्हणजे माझं मत आत्ता माझ्याच ताटात जेवतंय. हसू आलं, मग बरं वाटेना. मत देऊन आले की काम संपलं असं मला इतकी वर्षं वाटायचं.

मंगळवार, २० जानेवारी

सुरभी स्वयंपाकघरात आली. पाणी मागितलं आणि माझ्याकडे बघत राहिली. "मावशी, तुम्ही सात नंबरच्या ना?" मला भरून आलं. स्टुलावर बसली, सोलकढी प्यायली. मी कोण, कुठली, सगळं विचारलं. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे इथले यहुदी, पूर्वी तेलाचे घाणे चालवायचो, शनिवारी घाणा बंद म्हणून लोक शनवार तेली म्हणायचे, असं सांगितलं. शनिवार आता नोकरीत पाळता येत नाही, पण शुक्रवारी संध्याकाळी मी काम करत नाही, घरी जाऊन शब्बाथचा दिवा लावते, हेही सांगितलं.

"मग या शुक्रवारीही तुम्हाला बाहेर सोडतील?" तिने विचारलं.

"सोडतील. जितेशने मालकांना विचारून घेतलंय. रघूचा टेम्पो शुक्रवारी वडखळला बर्फ आणि कोळंबी आणायला जातो, तो मला वरसेला उतरवतो."

किती बारकाईने ऐकते ती. असा माणूस निवडून आला याचं समाधान वाटलं.

बुधवार, २१ जानेवारी

सुरभीची मुलगी आजारी आहे. सहा वर्षांची, आजीकडे ठेवलेली. तीन दिवस ताप उतरत नाही असं तिला निघतानाच कळलं होतं, आणि हे लोक फोन करू देत नाहीत. सांगताना तिने डोळे पुसले. पेणला तिचा मामेभाऊ येणार आहे, त्याला फक्त एक चिठ्ठी पोचवायची. मी उद्या पोह्यांचे पापड आणि मिरगुंडं आणायला पेणला जाणार आहे, हे तिला जितेशकडून कळलं म्हणे.

"तिथून कुणाच्या तरी फोनवरून मीच तुझ्या आईला फोन करते की," मी म्हटलं.

"फोन नको मावशी. हे लोक फोन ऐकतात. चिठ्ठीच द्या."

गिरजाबाई भाकऱ्या थापत होती. तिचा इथलाच, पलीकडच्या गावातला जन्म. भात आणि वालाची शेती करून उरल्या वेळात कामाला येते. सुरभी गेल्यावर म्हणाली, "दीनाबाय, काय म्हणत व्हती गो ती?"

मी सांगितलं.

"आजारी पोराची आय अशी जेवत नाय," ती म्हणाली. "काल तीन भाकऱ्या खाल्ल्यान, वर मासळीचा तुकडा मागून घेतलान."

गिरजाबाईला माणसांविषयी चांगलं बोलायची सवयच नाही.

गुरुवार, २२ जानेवारी

पेणला जाऊन आले. चिठ्ठी ब्लाऊजमध्ये होती. मी ती उघडली नाही. घडीवर शाई उमटली होती, त्यातून दोन शब्द दिसले, "लेखी द्या". डॉक्टरांकडून लेखी मागितलं असेल.

पापडवाल्यांच्या गल्लीच्या तोंडाशी पांढरी गाडी उभी होती. सुरभीचा भाऊ वयाने बराच मोठा निघाला. सोबत आणखी दोन माणसं. चिठ्ठी वाचून तो जरा बाजूला गेला, कुणाला तरी फोन केला, परत आला. "मॅडमना सांगा, झालंय. उद्याच." भाऊ असून बहिणीला मॅडम म्हणाला. शिकलेल्या घरांत तसं असेल. मग मला विचारलं, मागच्या फाटकावर किती माणसं असतात, टेम्पो किती वाजता निघतो. मी सांगत गेले. भाचीसाठी माणूस किती कासावीस होतो.

"ताई, तुम्ही वडखळपर्यंत टेम्पोतच बसा," तो म्हणाला. "तुम्ही सोबत असलात की कुणी हटकणार नाही."

तेव्हा मला कळलं की उद्या तिला मीच बाहेर काढायचंय. नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. पण ताप आलेली पोर डोळ्यांसमोर आली, आणि खरं लिहायचं तर तिच्या मागे आमची इमारतही दिसली. तिच्या पोरीसाठी मी एवढं केलं, तर ती मला विसरणार नाही. हा विचार माझ्या मनात आला होता. इथे लपवून काय उपयोग.

शुक्रवार, २३ जानेवारी

दिवा लावायला सात वाजले. सूर्य कधीच गेला होता. लग्न झाल्यापासून असं पहिल्यांदाच झालं.

दुपारी गिरजाबाई नदीवर मोठी पातेली घासायला गेली. तिची जुनी हिरवी साडी खुंटीला होती, ती मी न विचारता घेतली. जितेशने मागच्या फाटकाची किल्ली आज नेमकी स्वयंपाकघरात ठेवली होती, भाजीवाला लवकर येतो म्हणून. नशीब म्हणायचं. पावणेपाचला सुरभी साडी नेसून, डोक्यावरून पदर ओढून टेम्पोत माझ्या शेजारी बसली. आदेशचा माणूस वाकून बघून म्हणाला, "दीनाताई, आज गिरजाबाई पण?" मी म्हटलं, "हो, तिला बरं नाही." रघूने गाडी चालू केली.

नागोठणं मागे पडल्यावर सुरभीने पदर मागे टाकला. खिडकीतून बाहेर बघत होती आणि गाणं गुणगुणत होती. सुटकेचा आनंद, दुसरं काय. वडखळच्या नाक्याअलीकडे दोन गाड्या उभ्या होत्या. उतरताना मी म्हटलं, "मुलीला मऊ भात दे, आणि कपाळावर पट्ट्या ठेव."

"कुठल्या मुलीला?" ती म्हणाली. मग लगेच, "हो, हो मावशी, ठेवते." बिचारी पार घाबरून गेली होती.

गाडीतून कुणीतरी तिच्या हातात फोन दिला. काच वर जायच्या आधी म्हणाली, "तुमची इमारत माझ्या डोक्यात आहे."

शनिवार, २४ जानेवारी

सुरभी गायब झाल्यावरून आज सगळ्यांची हजेरी झाली. आदेशने कामगारांना हॉलमध्ये उभं केलं. त्याच्या माणसाने सांगितलं, टेम्पोत दीनाताई आणि गिरजाबाई होत्या. गिरजाबाई म्हणाली, "मी नदीवं व्हते." नदीवर तिला कुणीच पाहिलं नव्हतं.

मग आदेशने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "बाई पदर घेऊन बसली होती. मला गिरजाबाईच वाटली."

हे वाक्य माझ्या तोंडून कसं निघालं मला माहीत नाही. आधी ठरवलेलं नव्हतं.

गिरजाबाईने माझ्याकडे पाहिलं. तिची साडी खुंटीवर नाही हे तिला कालच कळलं असणार. एक शब्द बोलली नाही. आदेशने तिला अर्वाच्य शिव्या दिल्या. आजपासून येऊ नको, असं जितेशनेच सांगितलं. तो म्हणाला, "किल्ली माझ्याकडून राहिली, चूक माझीही आहे." निदान तो तरी मोठ्या मनाचा.

भाकऱ्या आज मी केल्या. कडा फाटत होत्या.

मंगळवार, २७ जानेवारी

उरलेले त्रेचाळीस जण काल संध्याकाळी गेले. फोन परत मिळाला. शीराला सगळं सांगितलं, फक्त गिरजाबाईचं सांगितलं नाही. शीराने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आई, त्या बाईला मुलगी आहे हे तू नक्की बघितलंस?"

मी रागावून फोन ठेवला.

गुरुवार, २९ जानेवारी

रिसॉर्टच्या हॉलमध्ये टीव्हीवर महापौराची निवडणूक पाहिली. हात वर करून मतदान होतं. रणदिवे गटाला चव्वेचाळीस, तात्यांना त्रेचाळीस. मोजणी तीनदा झाली, आरडाओरड झाली, कुणीतरी माईक उपटला. सुरभी पहिल्या रांगेत बसली होती, हात तिने सगळ्यांत आधी वर केला. तासाभराने उपमहापौर म्हणून तिचंच नाव पुकारलं.

बाहेर आल्यावर बातमीदारांनी घेरलं. मुलगा-मुलगी काय म्हणतात, असं एका पोरीने विचारलं. सुरभी हसून म्हणाली, "माझं लग्न झालेलं नाही अजून. शहर हेच माझं कुटुंब."

जितेश शेजारी उभा होता, त्याने आवाज कमी केला. मी आत जाऊन डाळ चढवली. ती लागली.

"लेखी द्या" याचा अर्थ आता कळतो, तिला पद लेखी हवं होतं. घरी येईपर्यंत स्वतःला समजावत होते, की आमचं काम तर होईल. ज्या बाजूने होईल त्या बाजूने होवो. असं म्हणताना जिवाला स्वस्थता नव्हती. खोलीत तीनदा खुर्ची हलवली.

रविवार, १ फेब्रुवारी

दुपारी सुरभीचा फोन आला. स्वतःचा. आवाज तसाच गोड.

तिने पोलिसांत तक्रार दिली आहे. तिला रिसॉर्टमध्ये डांबून ठेवलं, खोलीला बाहेरून कुलूप असायचं, वगैरे. तात्यांचे लोक तिच्यावर उलटे आरोप करताहेत, म्हणून ही तक्रार लागतेच, असं म्हणाली. उद्या मला जबाबाला बोलावतील.

"तुम्ही एवढंच सांगायचं मावशी, की माझ्या खोलीची किल्ली त्या भाकरीवाल्या बाईकडे असायची. तीच पहारा द्यायची."

"गिरजाबाई?"

"नाव काय असेल ते. तिला काही होणार नाही हो, चार दिवस येरझाऱ्या. वीस तारखेला पहिली सभा आहे. विषयपत्रिकेत सात नंबर इमारत घालायला सांगितलीय मी."

मी विचारलं, "मुलगी कशी आहे?"

पलीकडे तिने कुणाला तरी दार लावायला सांगितलं. मग म्हणाली, "मावशी, राजकारणात काही गोष्टी बोलाव्या लागतात. तुम्हाला घर पाहिजे ना?"

पाहिजे. फार पाहिजे. त्या घराच्या खिडकीत बसून सॅम्युएल पेपर वाचायचे. बत्तीस घरांतली चार म्हातारी माणसं तीन वर्षांत परक्या खोल्यांमध्ये गेली. शेजारची ठमाबाई अजून दर आठवड्याला फोन करून विचारते, काय कळलं का गो. त्या सगळ्यांचं एका वाक्यावर होत असेल, तर ते वाक्य बोलायला काय जातं?

संध्याकाळी चालत गिरजाबाईच्या घरी गेले. अंगणात वालाच्या शेंगा वाळत घातल्या होत्या. तिचा नवरा सखा मला बघून आत गेला. तिला आधीच निरोप आला होता, उद्या ठाण्यात ये म्हणून.

"पोलीस काय विचारतील गो?" तिने मला विचारलं. मला, माझ्याच तोंडाकडे बघून. "मी कंदी ठाण्याची पायरी चढले नाय."

मी म्हटलं, "साडी मी घेतली होती."

"माहीत हाय."

"मग त्या दिवशी बोलली का नाहीस?"

"तू बोलशील, वाटलेलं," ती म्हणाली, आणि शेंगा गोळा करायला लागली.

सोमवार, २ फेब्रुवारी

जबाब दिला. अडीच तास लागले. हवालदार तरुण होता, हळू लिहायचा.

सगळं सांगितलं. खोलीला कुलूप नव्हतं. फोन काढून घेतले होते, फाटकावर माणसं होती, हे खरं. चिठ्ठी मी नेली. पेणला पांढऱ्या गाडीतल्या माणसाला मी दिली. साडी मी चोरली, सुरभीला टेम्पोत मी बसवलं, वडखळला मी उतरवलं, आणि शनिवारी सगळ्यांसमोर गिरजाबाईवर खोटं मी घातलं. रघूला काही माहीत नव्हतं, असं सांगितलं. ते मला ठाऊक नाही, पण तसंच सांगितलं.

हवालदार मध्येच थांबला. "मावशी, हे तुमच्याच अंगावर येतंय. लिहू का?"

"लिही."

"तुम्ही हे केलंत कशासाठी, ते काय लिहू?"

आजारी मुलीसाठी, असं म्हणणार होते. ते अर्धंच खरं झालं असतं. मी म्हटलं, "तिने माझं काम करावं म्हणून. मी तिला मत दिलं होतं."

त्याने ते तसंच लिहिलं. मी वाचून सही केली. बाहेर बाकावर गिरजाबाई बसली होती. तिला आत बोलावलं आणि दहा मिनिटांत सोडलं. रस्त्याने आम्ही दोघी बरोबर चाललो. तिच्या वाटेचं वळण आलं तेव्हा ती म्हणाली, "साडी आणून दे माझी."

साडी सुरभीच्या अंगावर गेली ती गेली. मी नवी घेऊन देईन म्हटलं. "नवी नको," ती म्हणाली.

संध्याकाळी सुरभीचा फोन आला नाही. मी केला, तर लागला नाही. रिसॉर्टच्या मालकांचा मात्र आला. उद्यापासून येऊ नका.

शनिवार, २१ फेब्रुवारी

काल पहिली सभा झाली. विषयपत्रिकेत सात नंबर इमारत नव्हती.

आणखी एक बातमी. सुरभीने तक्रार मागे घेतली. तात्यांच्या आघाडीला स्थायी समिती मिळणार, दोन्ही गटांचं जुळलं. टीव्हीवर सुरभी आणि तात्या एकाच सोफ्यावर बसले होते. माझ्या जबाबाचा कागद कुठल्या फायलीत गेला असेल कोण जाणे. आता तो कुणालाच नको आहे.

ठमाबाईचा फोन आला. कुणीतरी तिला सांगितलंय. "एक शब्द बोलली असतीस तर काय झालं असतं? तू एकटीने बत्तीस घरं घालवलीस." मी म्हटलं, त्या बाईने आपलं काम तरीही केलं नसतं. "ते तुला काय माहीत?" ठमाबाई म्हणाली.

खरंच, मला काय माहीत. रात्रंदिवस तेच मनात येतं. कदाचित केलंही असतं.

जितेशचं मात्र भलं झालं. महापालिकेच्या मुख्यालयातलं उपाहारगृह त्याला चालवायला मिळालं. परवा पेढे घेऊन आला होता. मालकांनी त्याच्यावर उगाच राग धरला म्हणे, किल्लीवरून. देव कष्टाळू माणसाकडे बघतो.

गुरुवार, ५ मार्च

महिनाभर घरीच पापड लाटून देते आहे. गिरजाबाई मंगळवारी आली. ओट्यावर वालाची पुरचुंडी ठेवली, चहा घेतला, आणि माझं पीठ दाबून बघितल्यावर म्हणाली, "तुझं सैल होतंय." आता एक दिवसाआड येते. माफ केलं असं काही म्हणालेली नाही.

आज अंगणवाडीच्या अनिता ताई मतदारयादीचं काम घेऊन आल्या होत्या. वरसेत तीन वर्षं राहता, तर नाव इकडे घ्या, म्हणाल्या. फॉर्मही भरत आणला होता, सही तेवढी बाकी. शीराही तेच म्हणते. सोड ते शहर, नाहीतर माझ्याकडे ये.

मी फॉर्म हातात घेऊन बराच वेळ बसले. सोपं होतं. ग्रामपंचायत समोरच आहे, सरपंच रोज दिसतो.

गिरजाबाई लाटता लाटता म्हणाली, "कर गो सही. तिथं काय रायलंय तुझं?"

"मोकळा प्लॉट राहिलाय," मी म्हटलं. "आणि तिला निवडून देणाऱ्यांत मी होते ते राहिलंय."

अनिता ताईंना फॉर्म परत दिला. ठमाबाईला फोन केला. तिने उचलला, हेच पुष्कळ. सोमवारी महापालिकेत लोकांच्या गाऱ्हाण्यांचा दिवस असतो. मी म्हटलं, मी पहाटेच्या एसटीने येते, तू फाटकाशी थांब, आणि बत्तीसपैकी जेवढी जमतील तेवढी माणसं आण. उपमहापौरांच्या दारात बसायचं. हात जोडायचे नाहीत, विषयपत्रिका मागायची.

ठमाबाई म्हणाली, "आणि ती भेटली नाय तर?"

"तर त्याच्या पुढच्या सोमवारी."

ठमाबाईने एसटीची वेळ लिहून घेतली. मग विचारलं, "डबा तू आणतेस का मी आणू?"